नऊ एकांचा वर्ग

आम्ही मराठी शिकवतो. गणिताचा तास आमच्या वाट्यास येतो तो गणिताचे शिक्षक रजेवर असले म्हणजेच. आणि अशा तासाला मुलांस गुंतवून ठेवण्यापुरते एखादे कोडे फळ्यावर लिहून द्यावे, एवढीच आमची आजवरची मजल. गेल्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गावर असाच एक तास आला. बाहेर पावसाची झड लागलेली, वर्गात अंधारून आलेले, मुलांचे लक्ष खिडकीकडे. आम्ही खडू उचलला आणि लिहू लागलो :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१
१११११ × १११११ = १२३४५४३२१

पाचव्या ओळीपर्यंत येतो न येतो तोच सारा वर्ग पुढील उत्तरे सांगू लागला. गुणाकार करण्याची गरजच कोणास वाटेना. जितके एक, तितक्यापर्यंत चढायचे आणि आल्या पायरीने उतरायचे. नववी ओळ आली तेव्हा फळ्याची रुंदी पुरेना :

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

येथेच थांबावयाचे, परंतु उत्साहाच्या भरात आम्ही दहावी ओळही लिहून टाकली. दहा एकांच्या वर्गापुढे १२३४५६७८९१०९८७६५४३२१ असा आकडा आम्ही स्वहस्ते मांडला, आणि वर्गाने तो एकमुखाने मान्य केला.

एकमुखाने म्हणतो, पण ते खरे नव्हे. दुसऱ्या बाकावरील एक मुलगी बोटे मोजीत बसली होती. ती उठून म्हणाली, "पहिल्या ओळीत एक अंक आहे, मग तीन, मग पाच, मग सात. दर वेळी दोन वाढतात. नवव्या ओळीत सतरा आहेत. मग दहाव्या ओळीत एकोणीस हवेत ना? हे तर वीस आहेत." तेवढ्यात घंटा झाली. आम्ही "उद्या पाहू" असे म्हणून खडू ठेवला. शिक्षकाचे "उद्या पाहू" म्हणजे काय, हे मुलांस आमच्याहून अधिक ठाऊक असते.

थाटीपुरातील घरी त्या रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही कागद घेऊन बसलो. प्रथम गुणाकार न करताच पाहिले. दहा एकांची संख्या दोन अब्जांहून लहान आहे. दोन अब्जांचा वर्ग म्हणजे चारावर अठरा शून्ये, एकूण एकोणीस अंक. मग त्याहून लहान संख्येच्या वर्गात वीस अंक येतील कोठून? मुलीचे बरोबर होते. आम्ही फळ्यावर लिहिलेली संख्या खऱ्या उत्तराच्या सुमारे दहापट मोठी होती. चूक अशी की ती डोळ्यांस सुंदर दिसते. म्हणूनच सारा वर्ग आणि त्याचा शिक्षक मिळून तीत फसले. मग सगळा गुणाकार हातांनी केला. उत्तर आले ते असे :

१२३४५६७९००९८७६५४३२१

सात आल्यावर आठ बेपत्ता, त्याच्या जागी नऊ, आणि शिखरावर दोन शून्ये! ही मोडतोड कशाने झाली, आणि नवव्या ओळीपर्यंत ती का झाली नाही, हे कळेना. तेव्हा दहावी ओळ बाजूस ठेवून नववीच नीट तपासावी असे ठरविले. या लेखात मुख्यतः तीच एक संख्या आम्ही वाचकांपुढे ठेवणार आहोत.

प्रथम तिचे वाचन. आपल्या पद्धतीने वाचावयाचे तर ती एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लक्ष सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लक्ष चौपन्न हजार तीनशे एकवीस अशी वाचावी लागते. कोटींचेही कोटी! दर सेकंदास एक याप्रमाणे कोणी रात्रंदिवस मोजीत बसला, तर त्यास सुमारे एकोणचाळीस कोटी वर्षे लागतील. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त एकं-दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. आपल्या संख्येत सतरा स्थाने आहेत. तिच्या डावीकडील पहिला एक 'मध्य' या सतराव्या स्थानी बसतो, तर ऐन मधोमध असलेला नऊ 'अर्बुद' या नवव्या स्थानी. दहाव्या ओळीतील संख्येस एकोणीस स्थाने लागतात, म्हणजे ती परार्धाच्याही पलीकडे जाते. नावांची यादी संपते तेथेच आमच्या कोड्याची चालही मोडते. हा निव्वळ योगायोग आहे; त्यात अर्थ शोधू नये. पण आम्हांस त्याची गंमत वाटली खरी.

आता ही चढण-उतरण येते कोठून? सोयीसाठी तीनच एक घेऊ. १११ ला १११ ने गुणताना आपण तीन ओळी मांडतो आणि प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकवतो. म्हणजे वस्तुतः १११, १११० आणि १११०० यांची बेरीज करतो. एककाच्या घरात एकच एक पडतो, दशकाच्या घरात दोन, शतकाच्या घरात तीन. पुढे सरकलेल्या ओळी संपत जातात, म्हणून पुन्हा दोन आणि शेवटी एक. उत्तरातील प्रत्येक अंक म्हणजे त्या घरात किती एक जमले त्याची मोजदाद, याहून अधिक काही नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर आम्ही आधी आमची चूक कबूल केली. मग हे घरांचे प्रकरण समजावून सांगू लागलो. नऊ ओळींत नऊ-नऊ एक, अशी एक्याऐंशी एकांची चौकोनी मांडणी फळ्यावर काढली आणि तिरक्या रेषा ओढून एकाच घरात पडणारे एक जोडून दाखविले. ते पाहताच मागील बाकावरून एक मुलगी म्हणाली, "ही तर रांगोळी झाली. नऊ ते एक!" आम्हांस हे सुचले नव्हते. ठिपक्यांच्या रांगोळीत नऊ ठिपक्यांच्या नऊ ओळींचा चौकोन कोपऱ्यावर उभा केला, की वरून एक, दोन, तीन असे वाढत मध्यावर नऊ ठिपके येतात आणि खाली तसेच उतरत एकावर संपतात. श्रावणात आणि दिवाळीत ग्वाल्हेरच्या मराठी घरांच्या उंबऱ्यापाशी असे ठिपके पडतच असतात. १ पासून ९ पर्यंत चढून पुन्हा १ पर्यंत उतरताना सर्व अंकांची बेरीज ८१ का येते, हेही मग सांगावे लागले नाही. चौकोन कसाही फिरवला तरी ठिपके तेवढेच.

आणि दहावी ओळ का मोडते, हेही येथेच उलगडले. दहा ओळींच्या चौकोनात मधल्या घरात दहा एक जमतात. घरात तर एकच अंक मावतो. तेव्हा शून्य ठेवून हातचा एक डावीकडे द्यावा लागतो. डावीकडे नऊ बसलेला. तो दहा होतो, तोही शून्य ठेवून एक पुढे ढकलतो. त्यापुढील आठाचा नऊ होतो आणि तेथे गाडी थांबते. आठ हरवला नव्हता, त्याचा नऊ झाला होता. आणि नवाच्या जागी शून्य आले होते. मोडतोड ती एवढीच. आम्ही फळ्यावर मधल्या घरात १० हे दोन अंक कोंबून बसविले, तेथे एकाच्या जागी दोन घरे झाली आणि डावीकडील सारे अंक एकेक स्थान वर चढले. संख्या दहापट फुगली ती यामुळे.

त्या दोन शून्यांनी आम्हांस आमच्याच गावातील एका शून्याची आठवण करून दिली. ग्वाल्हेरचा किल्ला चढताना वाटेवर एकाच खडकात कोरलेले चतुर्भुजाचे लहानसे देऊळ लागते. त्यातील संवत् ९३३ च्या, म्हणजे इसवी सन ८७६ च्या शिलालेखात देवासाठी दिलेल्या फुलबागेची मापे आहेत : लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. त्याच लेखात रोज द्यावयाच्या ५० माळांचा उल्लेख आहे. २७० मधील आणि ५० मधील शून्य लहानशा वर्तुळाने दाखविले आहे. जगातील हे सर्वांत जुने शून्य नव्हे. कंबोडियात शके ६०५ चा, म्हणजे इसवी सन ६८३ चा, त्याहून जुना लेख सापडला आहे. परंतु ज्याचा काळ निश्चित सांगता येतो असे भारतातील कोरीव शून्य पाहावयाचे, तर जगभरचे लोक येथे येतात, आणि आपल्यापैकी कित्येकांनी ते पाहिलेले नसते. ते वर्तुळ नसते तर २७० हातांची बाग २७ हातांची झाली असती. आमच्या दहाव्या ओळीतील दोन शून्ये गाळली, तर उरते १२३४५६७९९८७६५४३२१. दिसावयास तीही चांगलीच दिसते, पण खऱ्या संख्येच्या शंभराव्या हिश्शाइतकीच भरते.

असो. पुन्हा आपल्या संख्येकडे वळू. तिचे अवयव पाडले तर काय मिळते? नऊ एकांच्या संख्येतील अंकांची बेरीज नऊ, म्हणून तिला ९ ने भाग जातो. भागाकार येतो १२३४५६७९. येथेही आठ नाही! या संख्येचे अवयव ३७ आणि ३३३६६७. दोन्ही मूळ संख्या. तेव्हा आपली सतरा अंकी संख्या म्हणजे ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. तिला निःशेष भागणाऱ्या संख्या एकूण ४५ आहेत. सामान्यतः विभाजक जोडीजोडीने येतात, म्हणून त्यांची संख्या सम असते. येथे ती विषम आहे, कारण नऊ एकांच्या संख्येची जोडी तिची तिच्याशीच लागते. ज्या संख्येचे विभाजक विषम, ती पूर्ण वर्ग असलीच पाहिजे. मुलांनी ३६ किंवा ४९ घेऊन हे पडताळून पाहावे.

एक सावधगिरी येथे सांगून ठेवतो. अंकांची बेरीज ८१ आणि संख्येस ८१ ने भागही जातो, हे पाहून एका मुलाने तसा नियमच वहीत लिहून ठेवला. ९ साठी तो नियम खरा आहे. ८१ साठी नाही. येथे ८१ ने भाग जातो तो बेरजेमुळे नव्हे, तर मूळ संख्येस ९ ने भाग जातो आणि आपली संख्या तिचा वर्ग आहे, यामुळे. एकदा फसल्यावर आम्ही अशा नियमांकडे जरा संशयाने पाहू लागलो आहोत.

ज्यांस वर्गमूळ काढण्याची शाळेतील जुनी रीत येते, त्यांनी या संख्येवर ती अवश्य चालवावी. उजवीकडून दोन-दोन अंकांचे गट पाडले की १, २३, ४५, ६७, ८९, ८७, ६५, ४३, २१ असे नऊ गट पडतात. प्रत्येक पायरीस भागाकारात एकच येतो, आणि पहिल्या पायरीनंतरच्या बाक्या पडतात त्या अशा : २, २४, २४६, २४६८, २४६६६, २४४४४४, २२२२२२२ आणि शेवटी शून्य. इतकी देखणी बाकी आम्ही दुसऱ्या कोणत्याही उदाहरणात पाहिलेली नाही.

यंत्राला मात्र ही संख्या पेलत नाही. एका मुलाने घरच्या संगणकावर एक्सेलच्या तक्त्यात हा गुणाकार करून उत्तर छापून आणले. त्यावर १२३४५६७८९८७६५४३०० असे होते. तो तक्ता पंधरा अंकांपर्यंतच हिशेब राखतो आणि पुढील घरे शून्यांनी भरतो. मुलाचे म्हणणे, संगणक चुकेल कसा? आम्ही त्यास दोन प्रश्न विचारले. एकावर संपणाऱ्या संख्येला एकावर संपणाऱ्या संख्येने गुणले तर शेवटी शून्य येईल का? आणि छापील उत्तरातील अंकांची बेरीज किती? बेरीज ७८ भरली. तिला ९ ने भाग जात नाही. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मोठ्या संख्या पूर्ण राखणाऱ्या आज्ञावलीही आहेत, त्यांवर हे उत्तर बरोबर येते, हेही त्यास सांगितले; यंत्राची उगाच निंदा कशाला?

या संख्येस नाव आहे, हे आम्हांस नंतर वाचनात कळले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे मूळचे डहाणूचे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांस रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीस शाळाशिक्षक होते. ६१७४ या संख्येमुळे त्यांचे नाव पुढे जगभर झाले. चढत्या-उतरत्या अंकांच्या या संख्यांस त्यांनी 'डेम्लो संख्या' म्हटले आणि १९३८ साली 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात त्यांवर लेख लिहिला. डेम्लो हे रेल्वे स्थानकाचे नाव. तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर असलेले ते स्थानक म्हणजे आजची डोंबिवली. तेथे त्यांस या संख्यांचा विचार सुचला, म्हणून ते नाव. संख्येला स्थानकाचे नाव देणारा मनुष्य आम्हांस फार आवडला. त्यांच्या कामास पोरखेळ समजणारे विद्वान त्यांच्या हयातीत पुष्कळ होते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा बाहेरच्या जगास त्यांची नीट ओळख झाली.

कापरेकरांनी पाहिलेली खूण अशी. संख्येचा मधला अंक बाजूस काढावा आणि डावा व उजवा भाग यांची बेरीज करावी. १२३२१ मध्ये मधला अंक ३. १२ आणि २१ मिळून ३३. १२३४३२१ मध्ये मधला ४. १२३ आणि ३२१ मिळून ४४४. आपल्या संख्येत मधला ९. १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ मिळून ९९९९९९९९. बेरजेचा प्रत्येक अंक मधल्या अंकाएवढा! ही खूण ध्यानात ठेवावी, तिचे काम पुढे आहे.

कापरेकरांच्याही आधी, सुमारे अकराशे वर्षांपूर्वी, महावीराचार्य नावाच्या जैन गणितज्ञाने राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ लिहिला. त्यात १२३४५६५४३२१ ही संख्या, एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी, अशी सांगितलेली आढळते. ती सहा एकांचा वर्ग आहे. १२३४५६७९ ला ९ ने गुणून नऊ एक मिळविण्याचे उदाहरणही त्या ग्रंथात आहे. अशा गुणाकारांस त्यांनी गळ्यातील अलंकारांची नावे दिली आहेत. मण्यांची माळ दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, हे त्यांच्या मनात असावे. अमोघवर्षाची कारकीर्द इसवी सन ८१४ ते ८७८. म्हणजे दक्षिणेत हा आचार्य अंकांच्या माळा ओवीत होता, त्याच शतकात आमच्या किल्ल्यावरील पाथरवट फुलांच्या पन्नास माळांचे शून्य कोरीत होता.

आता आम्हांस पडलेला मुख्य प्रश्न. ही शोभा संख्येची की लिहिण्याच्या रीतीची? आपण दहांच्या गटाने लिहितो, म्हणून घरात नऊपर्यंत मावते. आठांच्या गटाने लिहिणारे लोक असते, तर त्यांची चाल सात एकांपर्यंतच टिकली असती. सोळांच्या गटाने लिहिणाऱ्यांची पंधरापर्यंत. आणि आपली हीच संख्या त्यांनी आपल्या रीतीने लिहिली असती, तर तीत ही चढण-उतरण दिसलीच नसती. मात्र ती त्यांच्याकडेही पूर्ण वर्गच राहिली असती, तिचे विभाजक पंचेचाळीसच भरले असते, आणि ३७ ने तिला भाग गेलाच असता.

मराठीच्या शिक्षकास हा भेद परका नाही. 'चिमा काय कामाची' हे वाक्य उलटे वाचले तरी तेच राहते. पण त्याचे कोंकणीत भाषांतर केले की ती गंमत गेली. तो शब्दालंकार. उपमा मात्र भाषांतरातही बव्हंशी टिकते, कारण ती अर्थात असते. आमच्या घरी कोंकणीत 'णव' आणि 'धा' म्हणतात, शाळेत 'नऊ' आणि 'दहा', बाजारात 'नौ' आणि 'दस'. टोपलीतील आंबे तेवढेच राहतात. तद्वत् या संख्येचे उलटसुलट सारखे असणे हा तिचा शब्दालंकार, आणि वर्ग असणे हा अर्थालंकार, असे आम्ही मनाशी ठरवून टाकले. परीक्षेत कोणी असे लिहू नये. गुण मिळणार नाहीत.

पण हा निवाडा केल्यावरही दहावी ओळ मनातून जाईना. कापरेकरांची खूण तिला लावून पाहिली. १२३४५६७९००९८७६५४३२१ मधील मधले शून्य बाजूस काढले. डावीकडे उरले १२३४५६७९० आणि उजवीकडे ९८७६५४३२१. बेरीज आली ११११११११११. दहा एक! ज्यांचा वर्ग केला तेच दहा एक पुन्हा समोर उभे राहिले. मग अकरा एकांचा वर्ग केला : १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. मधला अंक २. डावा भाग १२३४५६७९०१, उजवा भाग ०९८७६५४३२१, आणि बेरीज २२२२२२२२२२. वरवर पाहता चाल मोडली होती. हातच्यांच्या खाली ती तशीच चालू होती.

हे आम्ही त्या दुसऱ्या बाकावरील मुलीस दाखविले आणि बारा एकांचा वर्ग तिच्यावर सोपविला. सहामाहीच्या सुट्टीनंतर तिने वही आणून दिली. बारांबरोबर तिने तेरा एकांचाही गुणाकार केला होता, आखीव पानावर, प्रत्येक अंकास एक घर देऊन. बाराव्या ओळीत मधोमध ३ आणि बेरजेत अकरा तीन. तेराव्या ओळीत मधोमध ४ आणि बेरजेत बारा चार. आम्ही दोन्ही गुणाकार घरी ताडून पाहिले. हातचा एकही चुकला नव्हता.